पाचवी गोळी

सुमीच्या छातीत एक मांजर राहतं, असं आमच्या घरात सगळे म्हणत. पाहुणे आले आणि आतल्या खोलीतून बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू आला, की आई दूध गाळता गाळता सांगे, "काही नाही, आमच्या सुमीचं मांजर आहे." सुमी माझी धाकटी बहीण, तुमची सुमीआजी. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि मी चौदा. थंडी पडली, गादी झटकली, शेजारी कुणी मिरच्या परतल्या, की मांजर जागं होई. मग अण्णा, म्हणजे माझे वडील, ऑफिसची टोपी खुंटीला अडकवून तिच्यामागे बसत आणि तिच्या पाठीला कान लावत. बराच वेळ ऐकून मग निकाल सांगत: "झोपलंय," किंवा "कूस बदलतंय," किंवा नुसतंच "हं." 'हं' आलं की शाळा बंद, अंगण बंद, ताक बंद.

चिन्मय, अन्वी, तुम्ही आमची जुनी वस्ती, बसवनगुडी, पाहिलीत ती हल्लीची, मेट्रोच्या जिन्यावरून. आमचं घर ठेंगणं, लाल फरशीचं होतं. पुढे दगडी कट्टा, मागे विहीर आणि कडीपत्त्याचं झाड. आमचे पूर्वज कुठल्याशा स्वारीबरोबर इकडे कन्नड मुलखात आले आणि परत जायचं विसरले, असं बाळूकाका म्हणे. त्यामुळे आमचं मराठी असं, की पुण्याचे पाहुणे ऐकून गालात हसत. सकाळी फिल्टरच्या भांड्यात कॉफीचा काढा, म्हणजे डिकॉक्शन, थेंब थेंब पडे, आई रगड्यावर इडलीचं पीठ वाटे, आणि अक्का देवघरात मराठी आरती म्हणता म्हणता मध्येच कन्नडमध्ये गवळ्याशी भांडे. अक्का ही अण्णांची थोरली बहीण. ती अण्णांची अक्का, म्हणून आम्हां सगळ्यांचीच अक्का. बाळूकाका त्या दोघांचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा, दिवसभर पोस्टात आणि संध्याकाळभर कट्ट्यावर. अशी आम्ही सहा माणसं. पण कुंपणापलीकडच्या सरोजम्मा दिवसातून चार वेळा डोकावत, म्हणून सव्वासहा म्हणा.

या घरात एक नियम होता, आणि सगळी गोष्ट त्या नियमाची आहे. माझ्या आजोबांनी तो घालून दिला होता आणि अण्णा तो देवाच्या वरताण पाळत. या हाताचं त्या हाताला कळू नये. कुणाला काही द्याल ते द्या, पण बोलू नका. गल्लीतल्या कुणा मुलाची फी भरली गेली, तर ती कुणी भरली हे आमच्या घरात कुणालाच माहीत नसे. जेवताना माझ्या पानात अचानक एक जास्तीची होळगी असे, म्हणजे तुमची पुरणपोळी. ती आईने वाढली की अक्काने, हे विचारणं असभ्य समजत. विचारलंच तर अण्णा म्हणत, "जेवायचं की चौकशी करायची?" मला हा नियम फार आवडे. घरात एखादा अदृश्य माणूस राहतो आणि तो सगळ्यांवर प्रेम करतो, असं वाटे.

औषधाला हा नियम लावू नये, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या रविवारी संध्याकाळी आमच्या डॉक्टरांनी सुमीसाठी पांढऱ्या गोळ्यांची एक छोटी बाटली दिली होती. अमिनोफायलीन हे नाव मी लेबलवरून मोठ्याने वाचून दाखवलं. घरात इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच, त्यामुळे असं वाचन माझ्याकडे असे. "शिट्टी सुरू झाली की एक. मग आठ तास दुसरी नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी आपल्या नीटनेटक्या स्वभावाप्रमाणे गोळ्या मोजल्या. दहा होत्या. बाटली स्वयंपाकघरातल्या फडताळात, हळदीच्या डब्याशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सोमवार, कार्तिकातला शेवटचा, म्हणजे कडलेकाई परिषे. ही शेंगांची जत्रा तुम्ही व्हिडिओवर पाहिली आहे. बसवण्णाच्या देवळापासून रस्ताभर दोन्ही बाजूंना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग. ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या. पायाखाली टरफलांचा करकर आवाज, वर धुरळा आणि भट्ट्यांचा धूर. सुमी महिनाभर दिवस मोजत होती. आदल्या रात्री अण्णांनी तिला सांगितलं होतं, "सकाळी कान लावीन. मांजर झोपलेलं असेल तर परिषे. नाहीतर मी शेंगा घरी आणीन." घरी आणलेल्या शेंगा! सुमीच्या चेहऱ्यावरून वाटलं, की तिला कुणी घरी आणलेला समुद्र देऊ करतंय.

सकाळी अण्णांनी कान लावला. आम्ही सगळे दारात उभे. "झोपलंय," अण्णा म्हणाले, आणि सुमीने अशी काही उडी मारली की अक्काचं सोवळ्यातलं पातेलं वाचलं हे नशीब. अण्णांनी अर्धा दिवस रजा टाकली होती, काकाने आख्खा. दोघे तिला घेऊन गेले. अकराच्या सुमाराला परत आले तेव्हा सुमी काकाच्या खांद्यावर होती. तिच्या मुठीत शेंगा होत्या, पण ती खात नव्हती.

तिचा दमा मी आधी पुष्कळदा पाहिला होता. हा तसा नव्हता. ती पलंगावर दोन्ही हात टेकून पुढे वाकून बसली. प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडे आणि बरगड्यांमधलं कातडं आत ओढलं जाई. "ताई, पाणी," एवढं म्हणायला तिला दोन श्वास लागले. मग ती ओकली. हात थरथरत होते, छाती इतकी धडधडत होती की फ्रॉकवरून दिसत होती. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, अक्का ओव्याची पुरचुंडी शेकत होती, सरोजम्मा कुंपणावरून कन्नडमध्ये देवाला हाक मारत होत्या. अण्णा डॉक्टरांकडे सायकलवर गेले. इतक्या वेगाने त्यांना सायकल मारताना मी त्याआधी किंवा त्यानंतर पाहिलं नाही.

आणि मग शिट्टी थांबली.

"बघा," अक्काने हात जोडले, "झोपलं एकदाचं मांजर." आईने डोळे पुसले. काका म्हणाला, "मी म्हणत होतोच, शेंगांनी कुणाला काही होत नाही." आम्हां सगळ्यांना खरंच हायसं वाटलं. पण सुमीच्या ओठांचा रंग मला काही पटेना. जांभळाच्या दिवसांत असतो तसा, आणि जांभळाचे दिवस तर नव्हते.

डॉक्टर त्यांच्या जुन्या मोटारीतून आले, मागे अण्णांची सायकल. डॉक्टर स्थूल, हसरे, अक्काच्या हातच्या चकलीचे भक्त. त्या दिवशी हसले नाहीत. नळी सुमीच्या पाठीवर इकडे लावली, तिकडे लावली.

"आवाज थांबून किती वेळ झाला?"

"दहा मिनिटं झाली असतील," आई आनंदाने म्हणाली. "मांजर झोपलं."

"झोपलेलं नाही, अम्मा. शिट्टी वाजायलासुद्धा आत वारा जात नाहीये."

स्वयंपाकघरात कुकरसुद्धा नव्हता वाजायला. इतकं शांत घर मी कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी स्टीलची डबी उघडली. तेव्हा सुया आणि काचेच्या पिचकाऱ्या उकळून अशा डबीत ठेवत. एक मोठी पिचकारी काढली, काचेची एक जाड एम्प्यूल फोडली आणि औषध वर ओढलं. शीर शोधायला सुमीचा दंड बांधला. मग थांबून त्यांनी सहज विचारलं, "कालच्या गोळ्यांपैकी आज काही दिली?"

"एक दिली," आई म्हणाली. "सहाला, दुधाबरोबर."

"एकच ना?"

"एकच."

डॉक्टरांनी मान डोलावली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. आठ वाजता, आई विसरली असेल असं ठरवून, मी गुळाच्या खड्यात घालून सुमीला एक गोळी दिली होती. आणि अर्थातच कुणाला सांगितलं नव्हतं. फोडलेल्या एम्प्यूलवर मला तेच नाव दिसत होतं, जे मी काल बाटलीवरून वाचलं होतं. सुई कातडीला टेकायला आली होती. समोर अण्णा उभे. त्यांच्यासमोर 'मी दिलं' हे दोन शब्द मी आयुष्यात उच्चारले नव्हते.

"मी पण दिली," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की सुमीही दचकली. "आठ वाजता. एक."

डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला.

"अय्यो," अक्का म्हणाली. पुरचुंडी तिच्या हातातून पडली. "मी न्हाऊन आल्यावर दिली की. साताला. ताकात उगाळून. पोरीला परिषेला जायचं होतं ना!"

सगळे काकाकडे वळले. काका छताकडे बघत होता. "परिषेत," तो म्हणाला, "जरा धाप लागल्यासारखी वाटली. खिशात एक ठेवलेली होती. म्हटलं, असू दे."

"यारु यारु कोट्टिद्दु?" डॉक्टर ओरडले. कुणी कुणी दिली? त्यांना एवढं चिडलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. "घर आहे की दवाखाना? अजून कुणी?"

कुंपणाकडून क्षीण आवाज आला. सरोजम्मा. "गोळी नाही हो. नुसती काफी. स्वल्प. जाताना माझ्याकडे आली होती, म्हणून अर्धा लोटा. डिकॉक्शन जरा घट्ट होतं."

"कॉफीसुद्धा याच कुळातली आहे, अम्मा!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, आणि तेवढ्यात मी बाटली आणून त्यांच्यासमोर ओतली. पाच. काल दहा, आज पाच. चार देणारे उभे होते. पाचव्याचा पत्ता नव्हता.

साहजिकच सगळे अण्णांकडे बघू लागले.

"मी दिलेली नाही," अण्णा म्हणाले.

"कोणी दिली ते तुमचं तुम्ही नंतर बघा. मी पाच धरतो," डॉक्टर म्हणाले, आणि ती भरलेली पिचकारी त्यांनी बाजूच्या ताटलीत ठेवून दिली. नंतर त्यांनी मला समजावलं ते असं: गोळीत आणि त्या पिचकारीत औषध एकच. पोटात एक असती तर त्यांनी ते शिरेतून हळूहळू दिलं असतं. पाचांवर ते दिलं असतं, तर झटके आले असते किंवा हृदयाचा ताल बिघडला असता. ती उलटी, ती थरथर, ती धडधड हे सगळं आम्ही दम्याच्या नावावर टाकत होतो. त्यातलं निम्मं तरी आमच्या मायेचं होतं.

त्यांनी लहान पिचकारी घेतली. अ‍ॅड्रिनलिनचे अगदी थोडे थेंब दंडाच्या कातडीखाली दिले, मग नाडीवर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत बसले. शिरेतून दुसरं एक इंजेक्शन दिलं, स्टेरॉइडचं. "याला वेळ लागतो," म्हणाले, "पण आत्ता दिलं तर संध्याकाळी उपयोगी पडेल." पंधरा-वीस मिनिटं गेली. त्यांनी पुन्हा थोडे थेंब दिले. अण्णा सुमीच्या मागे बसले होते, पाठीला कान लावून.

"आलं," अण्णा एकदम म्हणाले.

मग आम्हांलाही ऐकू आलं. बारीक, चिरकी शिट्टी. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुन्हा उठलं का मेलं!"

"उठू दे! ओरडू दे!" डॉक्टर पलंगावर थाप मारून म्हणाले, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले. "वारा आत गेला म्हणून ओरडतंय." तुम्हांला विचित्र वाटेल, पण त्या दिवशी आमच्या घरातली चार मोठी माणसं एका मुलीच्या दम्याची शिट्टी ऐकून रडत आणि हसत होती. मग डॉक्टरांनी सुमीला आणि अण्णांना मोटारीत घातलं आणि ऑक्सिजनसाठी इस्पितळात नेलं. तिथे ती तीन दिवस राहिली. अण्णा तिथून हलले नाहीत.

अन्वी, मागच्या वर्षी तुला असाच जोराचा अ‍ॅटॅक आला होता. तुझ्या आईने मला फोनवर सगळं सविस्तर सांगितलं. निळा पंप, प्लास्टिकच्या नळकांड्यातून पुन्हा पुन्हा दिलेले फवारे, मास्कमधून धुक्यासारखं येणारं औषध, पहिल्याच तासात दिलेलं स्टेरॉइड. तेवढ्यानेच तुझं भागलं. नाही भागलं तर शिरेतून मॅग्नेशियम देतात म्हणे. आमचं ते जुनं औषध आता मोठ्या इस्पितळातसुद्धा क्वचितच बाहेर काढतात. मी फक्त एकच विचारलं, "सगळ्यांत आधी काय म्हणाले तिथले डॉक्टर?" तुझी आई म्हणाली, "याआधी घरी काय दिलंय, किती वाजता आणि कुणी, हे विचारलं." तेव्हा मला बरं वाटलं. सात समुद्र ओलांडूनही प्रश्न तोच आहे.

सुमी घरी यायच्या दिवशी मी माझी जुनी दगडी पाटी धुतली, तिला सुतळी बांधली आणि फडताळाशेजारच्या खिळ्याला टांगली. तीन रकाने खिळ्याने कोरले: वेळ, काय, कोणी. खडू सुतळीलाच बांधला. त्या घरात ही बंडखोरीच होती. शिस्त म्हणून मी सोमवारच्याच नोंदींपासून सुरुवात करायचं ठरवलं आणि ज्याने त्याने आपली ओळ लिहावी असं जाहीर केलं. आईने मराठीत लिहिलं. अक्काला कन्नडच लिहिता येई, तिने गोल गोल अक्षरांत लिहिलं आणि वर म्हणाली, "सरी, ठीक आहे, आता देवालाही वाचू दे." मी माझं इंग्रजीत लिहिलं. काकाने पोस्टाच्या शिक्क्यासारखी गोल सही केली. पाचवी ओळ मी रिकामी ठेवली.

अण्णा सुमीला घेऊन आले. तिला पलंगावर ठेवून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. पाटीसमोर थांबले. वरपासून खालपर्यंत वाचली. आम्हांला वाटलं, आता खिळ्यासकट उतरवतात. त्यांनी खडू घेतला आणि शेवटच्या ओळीत लिहिलं: सकाळी साडेसहा. एक. अण्णा.

आई तव्याकडे वळली. पण आम्हां सगळ्यांच्या मनात एकच होतं: अण्णा खोटं बोलले होते. डॉक्टरांसमोर, सुमीचे ओठ निळे असताना. काकाने पुढे कित्येक वर्षं, अण्णांनी सत्यावर प्रवचन सुरू केलं की, "पाचवी गोळी कुणाची हो?" असं हळूच म्हणायची सवय लावून घेतली. अण्णा हसून गप्प बसत. मी हसत नसे. माझ्या मनात ती ओळ बारीक खड्यासारखी राहिली. अण्णांसारखा माणूसही त्या क्षणी भ्याला, एवढंच मी समजले, आणि त्यांना मनातल्या मनात माफ केलं. आता ती माफी आठवली की लाज वाटते.

गेल्या कार्तिकात मी एचएसआर लेआउटहून, माझ्या हल्लीच्या घरून, ऑटो करून परिषेला गेले. सुमी अजून बसवनगुडीतच राहते. आम्ही दोघी देवळाबाहेर दगडावर बसलो, तिच्या पर्समध्ये पंप आणि मांडीवर उकडलेल्या शेंगांचा कागद. मी सहज अण्णांच्या पाचव्या गोळीचा विषय काढला.

सुमी शेंग सोलायची थांबली. "ती मी खाल्ली होती," ती म्हणाली.

"काय?"

"अण्णा कान लावणार होते ना. मांजर ओरडलं असतं तर परिषे बुडली असती. मी स्टुलावर चढले आणि खाल्ली. कडू जहर होती."

"आणि आजपर्यंत तू..."

"मी अण्णांना सांगितलं होतं ग! इस्पितळात, दुसऱ्या दिवशी. मी रडत होते. म्हटलं, आई मारेल, अक्का बोलेल, ताई तर लिहूनच ठेवेल." हे म्हणताना ती माझ्याकडे बघून हसली. "अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, कान लावीन हे मीच म्हटलं होतं. बरं. आता ती माझी."

म्हणजे डॉक्टरांसमोर अण्णा खरं तेच बोलले होते. खोटं त्यांनी पाटीवर लिहिलं. सात वर्षांच्या मुलीची चूक आपल्या नावावर घेतली, हेच त्यांचं देणं, आणि या हाताचं त्या हाताला कळू दिलं नाही. आयुष्यभर काकाची टिंगल सोसली.

पाटीवर ती ओळ दुरुस्त करून पुन्हा लिहू का, असं मी सुमीला विचारलं. पाटी अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. खडू पुसला गेला आहे, रकाने उरले आहेत. सुमीने सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "औषध लिहायचं तिथे औषध लिही. अण्णांची गोळी अण्णांकडेच राहू दे."

म्हणून पाटीवर लिहिलं नाही. इथे लिहिलं आहे, तुमच्यासाठी. वाचून झालं की विसरा, आणि सुमीआजीला फोन कराल तेव्हा मी सांगितलं असं म्हणू नका.